सासू ओढा, सून ढकला

कुठलीही गोष्ट चालीत बसवून दिली की माणूस ती जन्मात विसरत नाही, असं माझं ठाम मत आहे. निदान त्या गुरुवारच्या सकाळपर्यंत तरी होतं. मी स्वतःच बघा ना. घरातून निघताना बायकोने सांगितलेल्या चार वस्तूंपैकी तीन मी कोपऱ्यावर पोचेपर्यंत विसरतो. पण वीस वर्षांपूर्वी एका कीर्तनात बुवांनी गाऊन सांगितलेली गोष्ट मला आजही, मधल्या खोकल्यासकट, पाठ आहे. त्यामुळे आमच्या कारखान्यात सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला तेव्हा बाकीच्यांचे चेहरे उतरले, आणि मी मनातल्या मनात सूर लावायला घेतला.

कारखाना लाकूडकामाचा. शाळेची बाकं, कपाटं, दारांच्या चौकटी. मी तिथे भांडार सांभाळतो. स्क्रू, गोंद, बिजागऱ्या, पॉलिशपेपर हे सगळं माझ्या जाळीच्या खिडकीतून बाहेर जातं. लाकूड कापण्याशी माझा संबंध म्हणाल तर पेन्सिलीला टोक काढण्याइतका, आणि तेही दोनदा मोडतं.

कापणीच्या खोलीत दोन मशिनी आहेत. जुनीला वरून एक लांब लोखंडी हात आहे आणि त्या हाताला पातं टांगलेलं आहे. लाकूड मागच्या पट्टीला टेकवायचं आणि पातं आपल्याकडे ओढायचं. हिचा स्वभाव असा, की जरा ओढली की उरलेलं अंतर ती आपण होऊन अंगावर धावून येते. हात ताठ ठेवून तिला आवरावं लागतं. म्हणून कारागिरांनी तिचं नाव ठेवलं सासू.

दोन महिन्यांपूर्वी नवी आली. ही दोन दांड्यांवर अलगद पुढेमागे सरकते, दिसायला सुबक, आवाजाला मऊ. ती साहजिकच सून झाली. सुनेचं सगळं उलटं. पातं लाकडाला न लावता आधी आपल्याकडे आणायचं, मुठीतलं बटण दाबायचं, पुरता वेग आला की खाली न्यायचं आणि कापत कापत आपल्यापासून लांब, भिंतीकडे ढकलायचं. कापताना आपल्याकडे ओढाल, तर ती लाकडावर चढून बसते आणि तिथून सरळ तुमच्या अंगावर उडी घेते.

थोडक्यात, सासू ओढायची आणि सून ढकलायची. यात अवघड ते काय?

अवघड होते आमचे मामा. कारखान्यात ते कुणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचेच आहेत. तीस वर्षं सासूवर काम केलं आणि दहाही बोटं शाबूत ठेवली. पण उजवा हात ओढण्यात असा मुरला की मामी सांगतात, घराचं दार ढकलायचं असलं तरी हे आधी ओढून बघतात. नवी मशीन आली त्या आठवड्यात त्यांनी तिलाही सवयीने ओढलं. सून चढली, फळी उडाली आणि माझ्या भांडाराच्या जाळीत येऊन रुतली. मी बिजागऱ्या मोजत होतो, तो खाली बसून मोजायला लागलो. मामांना खरचटलंसुद्धा नाही. पण ते स्टुलावर टेकले आणि बराच वेळ आपल्या पंजाकडे बघत राहिले.

ही बातमी वर पोचली आणि पाठोपाठ पत्र आलं. गुरुवारी तपासणीच्या बाई येणार, प्रत्येक कापणाऱ्याची दोन्ही मशिनींवर परीक्षा घेणार, आणि जो चुकेल तो कापणीतून बाहेर. बाहेर म्हणजे घासकामाच्या बाकावर, हातात पॉलिशपेपर घेऊन.

मामा पत्र ऐकून माझ्या खिडकीशी आले.

"भाऊ, तीस वर्षं लाकूड कापलं मी. आता शेवटची पाच वर्षं त्याला कुरवाळत बसू का?"

"असं काय बोलता, मामा? शिकाल की."

"डोक्याला कळतंय रे. हाताला कोण सांगणार? सुनेपुढे उभा राहिलो की हात आपला ओढायलाच जातो."

"हाताला मी सांगतो," मी म्हणालो. "माझ्यावर सोडा. गुरुवारपर्यंत तुमच्या हाताला दोन्ही मशिनी गाऊन पाठ करून देतो."

दाढ दुखत असताना माणूस समोर येईल त्याचं औषध घेतो ना, तशा नजरेने मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "दुसरं कोण आहे तरी."

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी बैठक मारली आणि तासाभरात दोन कडवी रचली. तुम्हीच वाचा.

लाकूड टेकवा पट्टीला, हात लांब ठेवा,
सासू ओढा आपल्याकडे, ताठ हाताने अडवा.

हे जुनीचं. आणि हे नवीचं:

लाकूड टेकवा पट्टीला, हात लांब ठेवा,
सून आणा, खाली दाबा, भिंतीकडे सरकवा.

आणि दोन्हीला मिळून एक ध्रुपद: पातं थांबू द्या हो, पातं थांबू द्या. त्यावर दोन टाळ्या. कारण अपघात बहुतेक वेळा कापून झाल्यावर होतात. पातं फिरत असतानाच माणूस तुकडा उचलायला जातो. हे मला लंबूने सांगितलं होतं. लंबू हा दुसरा कापणारा. उंची एवढी की वरच्या फळीवरचा गोंद तो स्टुलाशिवाय काढतो आणि तिथूनच आमची थट्टा करतो.

मी गॅलरीत फेऱ्या मारत पहिलं कडवं घोळवायला लागलो. चाल अशी काही जमली की मी डोळेच मिटले. "सासू ओढा आपल्याकडे" हे खालच्या पट्टीत, आणि "ताठ हाताने अडवा" एकदम वरच्या. पाच-सहा वेळा म्हटलं असेल, तोच बायको दारात येऊन उभी राहिली.

"आई बॅग भरते आहे," ती म्हणाली.

माझ्या सासूबाई आठ दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आज तिसरा दिवस होता.

"का? एवढ्यात का?"

"तुम्हीच विचारा. जवळ जाऊ नका मात्र. ताठ हाताने अडवा."

मी धावत आत गेलो. सासूबाई साडीची घडी घालत होत्या, अगदी शांतपणे, आणि शांत सासूबाईंची मला जास्त भीती वाटते.

"अहो, ती सासू म्हणजे मशीन आहे," मी म्हणालो.

"मला मशीन म्हणालात?"

"नाही नाही. मशीनला सासू म्हणतो आम्ही."

"का?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण खोटं बोलायची मला सवय नाही.

"कारण ती आपण होऊन अंगावर येते."

बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाईंनी दुसरी साडी घडी न घालताच बॅगेत टाकली. मग मी घाईघाईने मामांची गोष्ट सांगितली, फळी सांगितली, घासकामाचा बाक सांगितला. ते ऐकताना सासूबाईंचे हात जरा थांबले. त्यांनाही गाऊन सांगितलेलं निरूपण ऐकायचा मोठा नाद. माझ्याहून जास्त ऐकलंय त्यांनी, आणि पुढच्या रांगेत बसून.

"म्हणा बघू पूर्ण," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही कडवी म्हटली, ध्रुपदासकट, टाळ्यांसकट.

"चाल गोड आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण जावईबापू, दोन्ही कडव्यांचं तोंड एकच आहे. पहिली ओळ तीच, सूर तोच. एकातून निघालेला माणूस दुसऱ्यात कधी शिरेल, त्याचं त्यालाही कळायचं नाही. त्यात तुम्ही डोळे मिटता."

"त्यातच तर गोडी आहे, आई. आणि पाठांतराला सोपं."

"बघा बापडे," असं म्हणून त्यांनी साडी बॅगेतून बाहेर काढली. मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. मी पुढे म्हणायचं, मामा आणि लंबूने मागून म्हणायचं. दोघांची तोंडं आधी आंबट होती, पण तिसऱ्या दिवशी लंबू आपण होऊन दुसऱ्या सुरात म्हणायला लागला. मामांचा आवाज तर असा भरदार निघाला की पॉलिशच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. आणि खरं सांगतो, हात ऐकायला लागला. मी "भिंतीकडे सरकवा" म्हटलं की मामांचा उजवा हात, जरा कुरकुरत का होईना, भिंतीकडे जायचा. माझ्या खिडकीत मला आकाश ठेंगणं वाटायला लागलं.

मग अडचणी आल्या. पहिली टाळ्यांची. लंबू सासूवर कापत होता, ध्रुपद आलं, आणि त्याने लाकडावरचा डावा हात उचलून खणखणीत दोन टाळ्या दिल्या. लाकूड मोकळं झालं, गरकन फिरलं आणि गोंदाच्या डब्यात जाऊन पडलं.

"लंबू, अरे मशीन चालू असताना टाळी?"

"तूच म्हणालास, पातं थांबू द्यावर दोन टाळ्या."

"पातं थांबल्यावर रे."

"ओळ तर आधीच येते. मी काय ओळ धरून ठेवू?"

मामा म्हणाले, "भाऊ, टाळीला दोन्ही हात लागतात आणि माझे दोन्ही कामात आहेत. दुसरं काही बघ."

मी टाळीऐवजी पाय आपटायला सांगितला. दोघांनी जोरात पाय आपटले. खोलीतला भुसा उठला, दारातून पॉलिशच्या खोलीत गेला आणि नुकत्याच पॉलिश केलेल्या चार कपाटांवर जाऊन बसला. पॉलिशवाले आमच्याशी भांडायला आले तेव्हा त्यांच्या भुवयाही भुशाने पांढऱ्या झाल्या होत्या. मग पाय बंद. फक्त मान डोलवायची ठरली. त्यात भुशापासून वाचायला डोळ्यांवर लावलेले जाड चष्मे नाकाच्या शेंड्यावर उतरायचे, पण कुणाला इजा नव्हती, म्हणून ते चालवून घेतलं.

दुसरी अडचण माझ्या लक्षातच आली नाही. दोघांनाही कडवं पाठ होतं, पण पहिली ओळ नेहमी मीच म्हणायचो. मी सुरू केल्याशिवाय त्यांना पुढचं आठवतच नव्हतं. बुधवारी मी पावत्या घेऊन ऑफिसात गेलो होतो, तर अर्ध्या तासाने परत येऊन बघतो, दोघं आपापल्या मशीनसमोर हाताची घडी घालून उभे.

"काम का थांबलं?"

"तू नव्हतास," मामा म्हणाले.

मला भरून आलं. माणसाला आपली एवढी गरज असावी, याहून मोठं सुख नाही, असं वाटलं. आता विचार केला की अंगावर काटा येतो.

गुरुवारी तपासणीच्या बाई आल्या. बुटक्या, केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यात काही नाही, हातात बांगडी नाही. त्यांच्याकडे बघूनच कळत होतं की या बाईंना पातं ओळखतं. मी जाळीबाहेर येऊन मामांच्या मागे उभा राहिलो. मामांचा सदरा पाठीवर घामाने चिकटला होता.

आधी लंबू.

"हातमोजे का नाही घातले?" बाईंनी विचारलं.

"पात्यात अडकून हातच आत ओढला जातो, म्हणून."

"बरोबर. डावा हात पात्यापासून किती लांब?"

"वीतभर तरी."

"तुकडा वीतभरापेक्षा लहान असला तर?"

"हाताने धरायचा नाही. शिकंज्याने आवळायचा."

मी अभिमानाने फुलत होतो. वास्तविक यातलं काहीच माझ्या गाण्यात नव्हतं.

"कापून झालं. आता पुढे काय?"

लंबूने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही मधूनच विचारलंत. ते ध्रुपदात आहे. सुरुवातीपासून यावं लागेल."

"कशाच्या सुरुवातीपासून?"

मी घसा साफ केला आणि पहिली ओळ दिली. लंबूने लाकूड टेकवण्यापासून सगळं गाऊन, "पातं थांबू द्या हो" वर येऊन मान डोलवली. चष्मा नाकावर आला.

"थांबायच्या आधीच उचललं तर?" बाई म्हणाल्या.

"परत सुरुवातीपासून," लंबू माझ्याकडे वळून म्हणाला.

बाईंनी अजून दोन प्रश्न विचारले आणि आम्ही अजून दोनदा सुरुवातीपासून आलो. शेवटच्या वेळी दारातले पॉलिशवालेही मागून म्हणत होते. बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण दोन्ही मशिनींवर त्याचं कापणं बघून त्यांनी लंबूच्या नावापुढे खूण केली. लंबू पास.

मग मामा. सासूवर त्यांना कुणाचीच गरज नव्हती. फळी जरा बाकदार होती. त्यांनी तिची फुगीर बाजू पट्टीकडे केली, हात ताठ धरला, आणि सासू अशी निमूट आली आणि परत गेली की बघत राहावं. बाईंनी नुसती मान हलवली.

"आता ही."

मामा सुनेपुढे जाऊन उभे राहिले. लाकूड टेकवलं. उजवा हात मुठीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तीस वर्षं होती आणि त्या पलीकडे घासकामाचा बाक होता. या माणसाचं काम आता माझ्या गळ्यात आहे, असं वाटून मी जीव ओतून सूर लावला आणि डोळे मिटले.

"लाकूड टेकवा पट्टीला, हात लांब ठेवा..."

मामांनी सून आपल्याकडे आणली. बटण दाबलं. पात्याचा आवाज चढला, स्थिर झाला. मला ते सगळं ऐकू येत होतं, आणि त्या आवाजात माझा सूर असा मिसळला की कधी नव्हे ती समाधी लागली. मी वरच्या पट्टीत गेलो.

"सासू ओढा आपल्याकडे, ताठ हाताने..."

मशीनचा आवाज खाली आला. मग आणखी खाली. मग नुसती शांतता. मी डोळे उघडले. मामांनी बटण सोडलं होतं. पातं लाकडाच्या कडेला जेमतेम टेकलेलं होतं. ते पुरतं थांबेपर्यंत मामांनी हात हलवला नाही. मग त्यांनी सून वर उचलली, चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले.

"भाऊ, ही सासूची ओळ आहे," ते शांतपणे म्हणाले. "इथे ओढलं असतं, तर ही माझ्या छातीवर आली असती."

मी बघतो तर बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, मामांकडे बघत होत्या.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"हातालाच कळलं," मामा म्हणाले, आणि बहुधा त्या क्षणी त्यांनाही ते पहिल्यांदाच कळलं, कारण त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जसं एखाद्या मुलाने वर्गात उत्तर दिल्यावर बाप बघतो. "भाऊ म्हणत होता ओढा, आणि हा जाईना."

"आता गाण्याशिवाय करून दाखवाल?"

"गाण्याशिवायच बरं पडेल," मामा म्हणाले. मला जरा लागलं, पण ते असो.

त्यांनी सून आणली, बटण दाबलं, खाली नेली आणि भिंतीकडे ढकलली. तुकडा असा सरळ पडला की त्यावर लोणी लावावं. बटण सोडलं, पातं थांबलं, मग उचललं. बाईंनी मामांच्या नावापुढे खूण केली. पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'इतरांना शिकवण्यास योग्य.' मामा स्टुलावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

मला वाटलं, संपलं. मी हळूच माझ्या जाळीकडे सरकायला लागलो.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही भांडार सांभाळता ना?"

"हो. गाणं मीच रचलं."

"ते कळलं." त्यांनी वही उघडली. वर लिहिलं होतं: कापणी विभागातील धोके. एक, साचलेला भुसा. दोन, दारापाशी लोंबणारी वायर. तीन, मशीनजवळ उघडा गोंदाचा डबा. मग त्यांनी चार घातला आणि लिहायला लागल्या. मी उलट्या बाजूने वाचलं: गाणारे भांडारपाल. उपाय: कापणी चालू असताना पिवळ्या पट्ट्याबाहेर ठेवणे.

मामा मध्ये पडले. "बाई, एवढं नका लिहू. माणूस मनाचा चांगला आहे."

"भुसाही वाईट नसतो हो," बाई म्हणाल्या. "लाकडाचाच असतो."

त्याच दुपारी माझ्या जाळीसमोर जमिनीवर पिवळा पट्टा ओढला गेला. धोक्यांची यादी कापणीच्या खोलीत फळ्यावर लिहायची होती, आणि सगळ्या कारखान्यात अक्षर चांगलं म्हणून फळा लिहायचं काम माझ्याकडेच असतं. मी पहिले तीन धोके ठळक लिहिले आणि चौथा जरा बारीक, कोपऱ्यात, खालच्या कडेला. बाई निघता निघता फळ्यासमोर उभ्या राहिल्या, वाचलं, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

चौथा मी दुसऱ्यांदा लिहिला. ठळक. तेव्हा त्यांना बरोबर वाटला.